अ‍ॅग्नेस अरेल्यानो: फिलिपिन्सच्या शिल्पकर्तीबद्दल बोलूया

सानिका_मनिला

नवर्‍याच्या नोकरीमुळे मनिलात राहतेय आणि इथल्या कलेबद्दल जमेल तसं बघतेय, वाचतेय. आपल्याकडे फिलिपिन्स म्हटलं की मेडिकलची अ‍ॅडमिशन, कॉल सेंटर आणि बीच एवढंच बोललं जातं, म्हणून म्हटलं अ‍ॅग्नेस अरेल्यानोवर एक धागा काढूच. मला ती आशियातल्या आपल्या काळातल्या सगळ्यात ताकदीच्या शिल्पकारांपैकी एक वाटते.

जन्म १९४९ चा, गाव सान हुआन, जे आता मेट्रो मनिलाच्या पोटातच आहे. घराणं वास्तुविशारदांचं. वडील ओतिलियो अरेल्यानो, १९६४ च्या न्यूयॉर्क वर्ल्ड फेअरमध्ये फिलिपिन्सचं दालन त्यांनी सालाकोटच्या, म्हणजे इथल्या शेतकर्‍यांच्या टोपीच्या आकाराचं केलं होतं. त्याच घराण्यातले हुआन अरेल्यानो, मनिलाचं मुख्य पोस्ट ऑफिस आणि मेट्रोपोलिटन थिएटर त्यांचं, आणि जुनं विधिमंडळ, जिथे आता नॅशनल म्युझियम आहे, तेही त्यांच्याच हातचं. म्हणजे घरात जेवायच्या टेबलावरही खांब, कमानी, छत असंच बोलणं होत असणार. पण अ‍ॅग्नेस आधी शिकली सायकॉलॉजी, युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपिन्समध्ये, आणि शिल्पकलेकडे वळली ती नंतर, तिशीच्या आसपास, त्याच युनिव्हर्सिटीत.

आणि मग १९८१. सान हुआनच्या राहत्या घराला आग लागली, त्यात आईवडील आणि एक बहीण गेली. घर पण गेलं.

दोनच वर्षांनी, १९८३ मध्ये, तिने 'टेंपल टू द मून गॉडेस' केलं. सुट्ट्या मूर्तींचं प्रदर्शन नव्हे, पूर्ण खोलीचंच एक देऊळ. त्यातली मुख्य मूर्ती 'हालिया बेदिंग'. हालिया ही बिकोल भागातली चंद्रदेवी, तिकडे गोष्ट अशी आहे की बाकुनावा नावाचा महासर्प चंद्र गिळायला येतो आणि हालिया त्याच्याशी लढते. अ‍ॅग्नेसने ती लढाई दाखवलीच नाही. तिची हालिया दिवस भरलेली बाई आहे, पांढर्‍या संगमरवरी चुरीच्या बिछान्यावर उताणी पडलेली, डोकं मागे टाकलेलं, पोट वर आलेलं, आणि अंगाचा रंग चुरीसारखाच पांढरा, त्यामुळे बाई कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते हेच पटकन कळत नाही. हे अंग मनाने घडवलेलं नाही, साचा तिच्या स्वतःच्या गरोदर शरीराचा आहे.

मला सांगायचंय ते एवढंच की तिने देवी करायला घेतली आणि दुसर्‍या कुणाचं शरीर उसनं घेतलं नाही. फिलिपिन्समधलं आधुनिक शिल्प तोवर मुख्यतः पुरुषांचं होतं. गिल्येर्मो तोलेन्तिनो यांचं क्रांतिकारक बोनिफासियोचं स्मारक (१९३३), मग त्यांचे विद्यार्थी नापोलेओन आबुएव्हा, ज्यांना इथे आधुनिक शिल्पकलेचे जनक म्हणतात आणि जे १९७६ मध्ये नॅशनल आर्टिस्ट, म्हणजे सरकारी सन्मान मिळालेले राष्ट्रीय कलाकार, झाले. त्या कामांबद्दल मला आदरच आहे, पण त्यात बाईचं अंग बहुतेक वेळा कशाचं तरी प्रतीक म्हणून येतं, मातृभूमी, स्वातंत्र्य, शांती वगैरे. अरेल्यानोच्या कामात ते अंग आधी तिचं असतं आणि देवी त्याच्यानंतर.

१९८४ मध्ये त्याच जळलेल्या घराच्या जागेवर तिने आणि तिचे तेव्हाचे पती मायकल अ‍ॅडम्स यांनी पिनाग्लाबानान गॅलरीज सुरू केल्या. तिथे बर्‍याच तरुण कलाकारांना नवं काही करून बघायला जागा मिळाली. पिनाग्लाबानान हे त्या रस्त्याचं नाव, ३० ऑगस्ट १८९६ ला कातिपुनान या स्पेनविरुद्धच्या क्रांतिकारी संघटनेच्या लोकांनी स्पॅनिश दारूगोळ्याच्या कोठारावर हल्ला केला ती लढाई इथलीच.

बाकीच्या कामांबद्दल खाली लिहीनच. तुम्हाला काय वाटतं ते सांगा.

पावशी

सानिका, किती छान लिहिलंस. मला काहीच माहीत नव्हतं. एक प्रश्न, स्वतःच्या शरीराचा साचा म्हणजे नक्की कसा घेतात? आणि गरोदर बाईचा? सेफ असतं का ते? आणि संगमरवर म्हणतेस तर दगड कोरलाय की ओतलाय?

माती_आणि_मी

पावशी ताई, मी शिल्पकलाच शिकलोय आणि त्यावरच पोट आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दगड कोरलेला नाही, ओतलेलाच आहे. याला कोल्ड-कास्ट मार्बल म्हणतात. संगमरवराची बारीक पावडर पॉलिएस्टर रेझिनमध्ये कालवायची, हार्डनर घालायचा आणि साच्यात पहिला थर द्यायचा, मागून फायबरची जाळी लावून ताकद द्यायची. कुठेही भट्टी नाही, धातू वितळवणं नाही, म्हणून 'कोल्ड'. सुटल्यावर पॉलिश पेपर मारला की वरचं रेझिन जातं आणि पावडर उघडी पडते, मग हाताला थंडगार लागतं, अगदी दगडासारखं.

आता अंगावरून साचा. सगळ्या अंगाला व्हॅसलीन चोपडतात, केसांना तर जास्तच, नाहीतर केस प्लास्टरमध्ये अडकतात आणि सुटताना जीव जातो. मग प्लास्टरच्या पट्ट्या, हाड मोडल्यावर डॉक्टर लावतात तशाच, ओल्या करून एकावर एक. प्लास्टर सेट होताना गरम होतं आणि जड होत जातं. पोट, छाती असा मोठा भाग असेल तर श्वास वरवर घ्यावा लागतो, कारण खोल श्वास घेतला की आतून पृष्ठभाग हलतो आणि साच्यात घडी पडते. तेवढा वेळ हलायचं नाही. मी फक्त हाताचा आणि चेहर्‍याचा साचा दिलाय आणि चेहर्‍याच्या वेळी मनातून घाबरलो होतो. पूर्ण दिवस भरलेलं पोट घेऊन ते करणं म्हणजे, आत बाळ लाथ मारतंय आणि बाहेरून कवच घट्ट होतंय.

सेफ्टीबद्दल: पट्ट्यांचा पातळ थर ठीक असतो, पण जाड प्लास्टर थेट अंगावर ओतणं धोक्याचं, भाजू शकतं. आणि रेझिनचं काम गरोदरपणात अजिबात करू नये, त्याची वाफ वाईट असते. कुणी घरी करायला जाऊ नका.

आणि एक महत्त्वाचं. लोकांना वाटतं अंगावरून साचा घेतला म्हणजे सोपं झालं, कला कुठे राहिली. असं नसतं हो. साच्यातून जे निघतं ते मेलेलं असतं. प्लास्टरच्या वजनाने मांस दबलेलं असतं, सांधे बसलेले असतात, चेहरा झोपलेला. त्याला परत जिवंत करायला हाताने मॉडेलिंग करावंच लागतं, कुठे भर घालायची, कुठे खरवडायचं. हालियाचे फोटो मी आत्ता बघितले, पोटाची कातडी ताणलेली दिसते आणि त्याच वेळी मान सैल सुटलेली आहे, हा फरक नुसत्या साच्यातून येत नाही. ते डोळ्याचं काम आहे.

शमा_कुलाबा

मला एक वेगळं बोलायचंय. धागा चांगला आहे, पण 'मग १९८१' ही ओळ वाचून थोडं खटकलं. बाई कलाकार असली की आपण आधी तिचं दुःख शोधतो. घर जळलं, मूल गेलं, नवर्‍याने छळलं, आणि मग तिचं सगळं काम त्या दुःखाची भरपाई म्हणून वाचतो. पुरुष शिल्पकाराबद्दल लिहिताना आपण त्याचे गुरू कोण, त्याने आकार कसा सोडवला, मटेरियल काय वापरलं हे लिहितो. अरेल्यानोला सायकॉलॉजी येत होती, तिने पुराणकथांचा अभ्यास केला होता, ती आर्किटेक्टच्या घरातली म्हणून अख्खी खोली एकत्र बघू शकत होती. हे सगळं आगीच्या आधीचं आहे ना? आग लागली नसती तर ती शिल्पकार झाली नसती का?

सानिका_मनिला

शमा, झालीच असती. शिकायला सुरुवात आगीच्या आधीच केली होती तिने. तुझा मुद्दा बरोबर आहे की बायकांच्या बाबतीत दुःख आधी शोधलं जातं, आणि इथल्या लेखांमध्येही तेच दिसतं, पहिल्या परिच्छेदात आग, दुसर्‍यात देवी.

पण आग वगळूनही चालत नाही गं. कारण तिने स्वतःच ती कामात घेतली. जळलेल्या जागेवर गॅलरी बांधणं हा काही योगायोग नाही, ती जागा विकून दुसरीकडे जाता आलं असतं. आणि तिच्या पुढच्या मोठ्या मालिकेचं नावच 'मिथ्स ऑफ क्रिएशन अँड डिस्ट्रक्शन' आहे. निर्मिती आणि विनाश एकाच नावात. मला वाटतं फरक असा करायला हवा, की दुःखामुळे ती शिल्पकार झाली असं म्हणायचं नाही, पण मरण आणि जन्म हे तिच्या कामात एकाच शरीरात येतात, शेजारी शेजारी नाही, हे मात्र म्हणायचं. आणि तू म्हणतेस ती खोली बघण्याची नजर, ती तर मला फार पटली. तिने स्वतः आपल्या या रचनांना 'इनस्केप' म्हटलंय. म्हणजे बघणार्‍याने चबुतर्‍याभोवती फिरायचं नाही, आत शिरायचं. हे वास्तुविशारदाच्या घरातूनच आलं असणार.

शमा_कुलाबा

हे मान्य. 'एकाच शरीरात' हे पटलं.

गोदातीर

फिलिपिन्स तर कट्टर कॅथलिक देश ना? तिथे नागडी गरोदर देवी कशी चालली? आपल्याकडे तर लगेच मोर्चे निघतील.

सानिका_मनिला

गोदातीर दादा, कॅथलिक आहेच, पण मूर्तीची सवय असलेला कॅथलिक. इथे घराघरात सांतो असतात, म्हणजे संतांच्या लाकडी मूर्ती, त्यांना कपडे घालतात, मिरवणुकीत काढतात. लागुना प्रांतात पाएते नावाचं गाव आहे तिथे पिढ्यानपिढ्या लाकूड कोरणारे लोक आहेत. त्यामुळे मूर्तीशी बोलणं, तिला नटवणं, तिच्यापुढे रडणं हे लोकांना नवीन नाही. मनिलाच्या एड्सा हमरस्त्यावरच्या एड्सा श्राइनवर जी मोठी ब्राँझची मारिया, म्हणजे येशूची आई, आहे तीही एका बाईनेच केलीय, व्हर्जिनिया ती-नाव्हारो. हुकूमशहा मार्कोसविरुद्धच्या १९८६ च्या क्रांतीत जिथे लोक रणगाड्यांपुढे उभे राहिले तिथे १९८९ मध्ये ते श्राइन झालं, आणि तिच्या खालून रोज लाखो गाड्या जातात, त्यात बसलेल्या किती जणांना शिल्पकर्तीचं नाव माहीत असेल देव जाणे.

अरेल्यानोने त्या मारियाच्या मागे जाऊन स्पॅनिश लोक यायच्या आधीच्या देवींना हात घातला. त्या काळात इथे बाबायलान असायच्या, म्हणजे विधी करणार्‍या, औषध देणार्‍या बायका, आणि मिशनर्‍यांनी त्यांना चेटकीण ठरवून संपवलं. त्यामुळे हालिया करणं म्हणजे इथल्या लोकांना त्यांच्याच विसरलेल्या घरात परत नेणं आहे. आणि गॅलरीत आहे, चर्चमध्ये नाही, हाही भाग आहेच.

ऋचा_जे

मी अरेल्यानोचं 'कार्कस-कॉर्न्युकोपिया' हे शिल्प गुगल केलं आणि बंद केलं. मला बघवलं नाही खरंच. कुणी समजावेल का?

सानिका_मनिला

ऋचा, माझंही तसंच झालं होतं, पण परत परत बघितलं. १९८७ चं आहे. बाईचं धड उलटं टांगलंय, खाटकाच्या दुकानात बोकड टांगतात तसं. मधून चिरलेलं, फासळ्या उघड्या. आणि त्या चिरेत, जिथे आतडी असायला हवी, तिथे एक लहान आकृती आहे, बुलुलसारखी.

बुलुल कोण ते कळलं की सगळं बदलतं. उत्तर लुझोनमध्ये इफुगाओ लोकांची डोंगरउतारावरची भातखाचरं आहेत, त्यांच्या धान्याच्या कोठारात बुलुलची लाकडी मूर्ती ठेवतात. तो भाताचा राखणदार. उकिडवा किंवा उभा, हात गुडघ्यांवर. पीक आलं की त्याला नैवेद्य, रक्त लावतात, आणि त्याच्यामुळे धान्य पुरतं, वाढतं असं मानतात. म्हणजे टांगलेल्या, कापलेल्या बाईच्या पोटातून भाताचा देव बाहेर येतोय. नावातच दोन्ही आहे, मेलेलं जनावर आणि भरून वाहणारं शिंग. बाईला मारून खाल्लं जातंय असंही वाचता येतं आणि तिच्यातून धान्य येतंय असंही. दोन्ही खरं. आणि उलटं टांगल्यामुळे बाळंतपणाची दिशाच फिरते, बाळ खाली येत नाही, ते वर उघडलेल्या पोटातून बाहेर बघतं. सिझेरियन झालेल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

मला ते क्रूर नाही वाटत आता, उलट लपवाछपवी न केलेलं वाटतं.

ऋचा_जे

माझं सिझेरियन झालंय. परत उघडून बघितलं. अजूनही अंगावर काटा येतोच पण आता डोळे मिटून घ्यावेसे वाटत नाहीत.

कृष्णाकाठ

उलटं आणि उघडं अंग वाचून मला आपली लज्जागौरी आठवली. तेरच्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या वस्तू बघताना बघितल्या होत्या त्या छोट्या मूर्ती, डोक्याच्या जागी कमळ, पाय दोन्हीकडे फाकलेले, बाळंतपणाच्या आसनात. तिथेही जन्म लपवलेला नाही. अरेल्यानोवर भारताचा प्रभाव असेल का?

सानिका_मनिला

कृष्णाकाठ, हालियाचा आणि लज्जागौरीचा थेट संबंध जोडायला नको असं मला वाटतं. हालिया बिकोलची, बुलुल इफुगाओचा, त्यांची मुळं इथल्याच मातीत आहेत. जगात जिथे शेती आहे तिथे बाळंत होणारी देवी आहेच, त्यासाठी कुणी कुणाकडून घ्यावं लागत नाही.

पण भारत तिच्या कामात आहे, आणि उघडपणे आहे. नंतरच्या देवींच्या मालिकेत तिने काली केलीय. सोबत प्राचीन इराकमधल्या सुमेरची इनान्ना, तिबेटी बौद्धांची डाकिनी आणि बायबलमधली मग्दालेना. हे सगळं एका ओळीत. बौद्ध धर्माकडे तिचा ओढा आहे. त्याआधी, नव्वदच्या दशकाच्या मध्यात 'थ्री बुद्धा मदर्स' केल्या, व्हेस्टा, देआ आणि लोला. तरुणी, आई आणि आजी, इथे आजीला लोलाच म्हणतात. या तिघी आणि नंतरच्या चौघी मिळून सात, म्हणून त्या सगळ्या प्रकल्पाला तिने कृत्तिकांचं नाव दिलं, प्लीअडीज. आपल्याकडे कृत्तिका कार्तिकेयाला पाजणार्‍या आया, सहा मानतात.

मला सातांमध्ये लोला जास्त आवडते. म्हातारीचं उघडं अंग शिल्पात किती वेळा बघतो आपण? आणि तेही दया म्हणून नाही, कुरूप दाखवायला नाही, तर बुद्धाच्या मानाने बसवलेलं.

माती_आणि_मी

सानिका ताई, लोलाबद्दल एकदम सहमत. आम्हाला लाइफ क्लासमध्ये म्हातारं मॉडेल बसलं की सगळे खूश व्हायचे, कारण हाडं, शिरा, लोंबणारी कातडी दिसते, अभ्यासाला सोपं जातं. पण अभ्यास म्हणजे तेवढंच. देवत्व द्यायचं म्हटलं की लगेच सोळा वर्षांची कंबर.

अजून एक नाव सुचवतो, ज्युली ल्यूच. तीही फिलिपिन्सचीच आणि जवळजवळ त्याच वयाची, १९४६, इलिगानची. सान्तो तोमास युनिव्हर्सिटीत फिलॉसॉफी शिकली, शिल्पकलेची डिग्री नाही. आणि मटेरियल टेराकोटा, म्हणजे आपली भाजलेली माती. माणसाच्या मापाची आकृती मातीत करून भाजणं किती कठीण असतं हे कुंभाराला विचारा. आतून पोकळ करावी लागते, भिंतीची जाडी सगळीकडे सारखी ठेवावी लागते, आत हवेचा बुडबुडा किंवा ओल राहिली तर भट्टीत फुटते आणि महिन्याभराचं काम खलास. मोठी असेल तर तुकडे करून भाजायचं आणि नंतर जोडायचं. तिचं एक काम १९८८ चं आहे, कांदा चिरताना रडणारी बाई. नावच 'कटिंग अनियन्स ऑलवेज मेक्स मी क्राय'. टेराकोटावर रंग दिलेत.

पावशी

हे नाव वाचूनच पोटात कालवलं. म्हणजे कांद्याचं निमित्त. आमच्या घरी एकत्र कुटुंबात ओट्याशी कांदा चिरायचं काम नेहमी सगळ्यात धाकट्या सुनेकडे असायचं आणि तिथे रडलं तर कुणी विचारत नसे, कांदा असेल म्हणून. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

सानिका_मनिला

पावशी, अगदी. आणि ल्यूच ही 'कासिबुलान' या बायकांच्या गटाच्या सुरुवातीच्या लोकांपैकी आहे. १९८६ ला मार्कोस गेल्यावर सगळीकडे लोकशाहीचं बोलणं सुरू झालं तेव्हा या बायका म्हणाल्या की घरातल्या लोकशाहीचं काय. इमेल्दा काहिपे-एन्दाया, ब्रेंडा फाहार्दो, आना फेर, इदा बुगायोंग आणि ज्युली ल्यूच.

दोघी शेजारी ठेवून बघा. अरेल्यानो पांढरी, थंड, देवळातली. ल्यूच रंगीत, मातीची, स्वयंपाकघरातली. एकीची बाई देवीपर्यंत जाते, दुसरीची तुमच्या माझ्यासारखीच राहते, गाऊन घालून. मला व्यक्तिशः अरेल्यानोच जास्त ओढते, कारण दैनंदिन दुःख मला माहीतच आहे, पण हालियापुढे मी पहिल्यांदा आपल्या शरीराला मोठं म्हणून बघितलं. यात ल्यूचला कमी लेखायचं नाहीये.

शमा_कुलाबा

मी उलट. मला ल्यूच. देवी केलं की बाईला परत उंच ठेवलं, हात लावायचा नाही, असं होतं. कांदा चिरणारी बाई खाली उतरत नाही आणि वरही जात नाही.

सानिका_मनिला

पण अरेल्यानोची देवी उंच कुठे आहे शमा? ती जमिनीवर उताणी पडलीय, किंवा हुकाला टांगलीय. चबुतरा नाहीच.

शमा_कुलाबा

हं. टांगलेलीबद्दल मानते. हालियाबद्दल अजून विचार करते.

वसईकर_नील

धागा एकदम आवडला. मुंबईशी एक धागा जोडतो, ओढूनताणून नाही. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या एशिया सोसायटीने 'ट्रॅडिशन्स/टेन्शन्स' नावाचं मोठं प्रदर्शन भरवलं होतं, थायलंडचे अपिनान पोश्यानंदा क्युरेटर होते. भारत, इंडोनेशिया, फिलिपिन्स, दक्षिण कोरिया आणि थायलंड. त्यात फिलिपिन्सकडून अरेल्यानो होती आणि भारताकडून नलिनी मलानी होत्या. मलानी म्हणजे जे. जे. च्या विद्यार्थिनी, लोहार चाळीत स्टुडिओ होता त्यांचा. म्हणजे आपल्या क्रॉफर्ड मार्केटजवळच्या गल्लीत काम करणारी बाई आणि सान हुआनच्या जळलेल्या जागेवर काम करणारी बाई एकाच प्रदर्शनात. पाश्चात्त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळायला लागलं की आशियातली आधुनिक कला म्हणजे पॅरिसची उशिरा आलेली नक्कल नाही.

आणि शिल्पकार मृणालिनी मुखर्जी आठवतात का? जन्म मुंबईचा आणि साल तेच, १९४९. बडोद्याला शिकल्या, २०१५ मध्ये गेल्या. तागाच्या दोर्‍या रंगवून, गाठी मारून माणसापेक्षा मोठ्या यक्षी, वनदेवता केल्या. त्याही देवीच, त्याही शरीरच, योनी, पाकळ्या, घड्या, सगळं आहे, पण साचा कुठेच नाही, सगळं गाठीतून वाढलेलं. एकाच वर्षी जन्मलेल्या दोन बायका, दोघी पुराणाकडे जातात आणि एक अंगाचा ठसा घेते, दुसरी अंग विणते. कुणीतरी दोघींना एका खोलीत मांडायला हवं.

माती_आणि_मी

नील, हे वाचून बराच वेळ फोटो शेजारी ठेवून बसलो. मुखर्जींच्या गाठी मारायच्या पद्धतीत आधी स्केच नसायचं म्हणतात, काम जसं वाढेल तसं. साच्यात तसं करता येत नाही, सगळं आधी ठरलेलं लागतं. स्वभावच वेगळे.

गोदातीर

सानिका, ते हुआन अरेल्यानोचं पोस्ट ऑफिस २०२३ मध्ये जळलं ना? न्यूजमध्ये बघितलं होतं.

सानिका_मनिला

हो, मे २०२३ मध्ये. रात्रीच लागली आणि दुसर्‍या दिवसापर्यंत धुमसत होती. १९२६ ची इमारत. १९४५ च्या मनिलाच्या लढाईतही ती उद्ध्वस्त झाली होती आणि परत बांधली होती. पासिग नदीच्या काठावर आहे, समोरचे ते उंच खांब शिल्लक आहेत. इथले लोक त्या दिवशी खूप हळहळले, पत्र टाकायला जाणारी माझ्या बिल्डिंगमधली आजी तर रडली.

ऋचा_जे

पिनाग्लाबानानला जाऊन काही बघता येतं का? माझा भाऊ मनिलाला असतो, डिसेंबरमध्ये जाणार आहे.

सानिका_मनिला

मेट्रोच्या दोन नंबर लाइनने जे. रुईझ स्टेशनला उतरायचं, तिथून पिनाग्लाबानान श्राइन चालत जाण्यासारखं आहे. १८९६ च्या लढाईचं स्मारक आणि कातिपुनानचं म्युझियम तिथे आहे, एदुआर्दो कास्त्रियोचं मोठं शिल्प पण. नॅशनल म्युझियम ऑफ फाइन आर्ट्स नक्की कर, ती इमारत हुआन अरेल्यानोंची आणि आत हुआन लुनाचं 'स्पोलियारियम' हे चित्र आहे, भिंतभर. युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपिन्सचा दिलिमान कॅम्पस पण कर, तिथे तोलेन्तिनोंचं 'ओब्लेशन' बघ, हात पसरून उभा पुरुष, वर बघणारा. ते बघून झालं की फोनवर हालियाचा फोटो उघड आणि दोन्ही अंगं शेजारी ठेव. एक उभा आणि आकाशाला अंग देणारा, दुसरी आडवी आणि स्वतःच्या आत बघणारी. मी तसंच केलं होतं.

कृष्णाकाठ

माती_आणि_मी, एक टेक्निकल शंका. रेझिनच्या मूर्ती टिकतात का? दगड हजार वर्षं राहतो, तेरच्या मूर्ती राहिल्या. १९८३ ची हालिया अजून शंभर वर्षांनी असेल?

माती_आणि_मी

चांगला प्रश्न. पॉलिएस्टर रेझिनचा मोठा शत्रू ऊन. अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं, वर खडूसारखी पूड सुटते, बारीक तडे जातात. मार्बल पावडर भरपूर घातली असेल तर पिवळेपणा कमी दिसतो, कारण वर रेझिन कमी असतं. घरात, उन्हापासून लांब, दमटपणा आटोक्यात ठेवला तर काही पिढ्या सहज टिकेल. मनिलासारख्या हवेत मात्र काळजी घ्यायलाच हवी, आपल्या कोकणासारखंच दमट, वर वादळं. आणि जिथे फायबरची जाळी पृष्ठभागाजवळ आलीय तिथे पाणी शिरलं तर थर सुटतात, ते आधी तपासायचं. पण मुख्य म्हणजे मूळ साचा. तो शाबूत असेल तर परत ओतता येतं, फक्त कलाकार हयात असताना तिच्या देखरेखीत केलं पाहिजे, नाहीतर पॉलिश करणारा माणूस ती ताणलेली कातडी गुळगुळीत करून टाकतो. मी हे इथल्या मोठमोठ्या पुतळ्यांच्या डागडुजीत झालेलं बघितलंय. सानिका ताई, तुम्हाला हालिया प्रत्यक्ष बघायला मिळाली तर पोटाच्या खालच्या बाजूचा, चुरीला टेकतो तिथला फोटो काढाल का? ओल आधी तिथेच धरते.